माळ्यावर आधी काय?

महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदाराला विचारून बघा, सावित्री आणि गांधारी नद्या एकदम फुगल्या की माळ्यावर आधी काय चढवता? फ्रिज असं उत्तर येणार नाही. उधारीची चोपडी, दुकानाचे कागद, कुणाचे तरी राहिलेले दागिने. फ्रिज पुन्हा विकत मिळतो. 2005 च्या पुराने हे शिकवलं आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा उजळणी झाली. काहींचे तर माळेही भिजले.

आपल्या दुरुस्तीच्या काउंटरवर हीच अडचण रोज वेगळ्या रूपात येते. गणपतीला आलेल्या चाकरमान्याचा मुलगा किंवा दुबईहून आलेल्या मामाने भाच्याला दिलेलं स्विच हे गेमचं मशीन. तक्रार एकच: ‘स्टोरेज फुल दाखवतंय.’ आणि आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तरही एकच, जे शहरातल्या व्हिडिओंमधून आपण उचललंय: सगळ्यात मोठा गेम उडव, लागेल तेव्हा परत डाउनलोड कर.

मुंबईत फायबर असलेल्या घरी हे ठीक आहे. पोलादपूरच्या वरच्या वाडीत हिशेब वेगळा लागतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ तेरा-चौदा जीबीचा. रोजचा दोन जीबीचा पॅक धरला, घरातल्या बाकीच्यांनी व्हॉट्सॲपही उघडलं नाही असं धरलं, तरी आठवडा गेला. त्यात पावसात वीज गेली की टॉवरही गेला. म्हणजे ‘उडव आणि परत घे’ यातलं ‘परत घे’ आपल्या गिऱ्हाइकाला महाग पडतं. तरीही गेम परत येतो. उशिरा येतो, पण येतो. मुलाने दोन सुट्ट्या खपून जिथवर गेम नेलाय तो सेव्ह उडाला, तर कुठल्याच सर्व्हरवरून परत मिळेल याची खात्री नाही. म्हणून जागा करायला बसताना फाइल किती मोठी हे मागाहून बघा. आधी बघा, गेली तर परत येईल का.

गंमत म्हणजे जे परत येत नाही ते आकाराने नगण्य असतं. जुन्या गेम बॉयच्या पोकेमॉन कार्ट्रिजमधला सेव्ह 32 केबीचा. बत्तीस जीबीच्या मशीनवर जागा नाही म्हणून आपण ज्याच्यावर पाय देतो, ते एवढंसं असतं.

मात्र हा सेव्ह राहतो कुठे, हे प्रत्येक मशीनचं वेगळं आहे, आणि आपली माणसं चुकतात ती इथेच. स्विचमध्ये सेव्ह मशीनच्या आतल्या मेमरीत असतो, मायक्रोएसडीवर हलवता येत नाही. त्यामुळे कार्ड फॉरमॅट मारलं तर गेम जातील, सेव्ह राहील. पण मशीन रीसेट केलं की संपलं. सॉफ्टवेअर बिघाडासाठी रीसेट करावंच लागलं, तर मेंटेनन्स मोडमध्ये सेव्ह न पुसता इनिशियलाइझ करायचा पर्याय आहे, तो आधी वापरा. पीएसपीचं बरोबर उलट. तिथे सेव्ह मेमरी स्टिकवर, ‘पीएसपी’ फोल्डरच्या आत ‘सेव्हडेटा’मध्ये. थ्रीडीएसवर डाउनलोड केलेल्या गेमचा सेव्ह एसडी कार्डात आणि कार्ट्रिजवाल्या गेमचा बहुधा कार्ट्रिजमध्येच. आणि त्या पोकेमॉन कार्ट्रिजमधला सेव्ह तर आतल्या नाण्याएवढ्या सेलवर जगतो. सेल काढला की मेमरी कोरी.

प्रस्तुत संपादकाने हे पुस्तकातून शिकलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाच्या पीएसपीची चार जीबीची स्टिक ‘एरर देतेय’ म्हणून सरळ फॉरमॅट मारली आणि ‘झालं बघ’ म्हणून हसत हातात दिली. मुलाने मशीन चालू केलं, लोड गेम उघडलं, आणि काही न बोलता वडिलांच्या मागे जाऊन उभा राहिला. वडिलांनी पैसे दिले, आभारही मानले.

स्विचच्या 32 जीबीतले हाताला लागतात सव्वीसच्या आसपास. तिथे ‘डिलीट’पेक्षा ‘अर्काइव्ह’ बरं: गेमचा डेटा निघतो, चिन्ह आणि सेव्ह राहतात. क्लाउडवर विसंबून राहू नका. ती सेवा वर्गणीची आहे, शिवाय ‘स्प्लॅटून 2’सारख्या काही गेमना ती सेव्हसाठी चालतच नाही. घरात दुसरा स्विच असेल तर एका मशीनवरून दुसऱ्यावर सेव्ह नेता येतो, इंटरनेटचा भार जवळपास नाही.

जून 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 बद्दल गिऱ्हाइकाला घेण्याआधीच सांगा. आत 256 जीबी आहेत, पण वाढवायला फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं. घरातलं जुनं कार्ड फार तर फोटो उतरवून घेण्यापुरतं. आणि त्याच्या काही गेमचे खोके ‘गेम-की कार्ड’चे असतात: आत कार्ड आहे, कार्डात गेम नाही, तो डाउनलोडच करायचा. कार्ट्रिज घेतलं म्हणजे नेटची कटकट नाही, या भरवशावर मुंबईहून खोका आणणाऱ्या काकांची निराशा आपल्यालाच बघावी लागणार आहे.

आता आपल्या भागात सर्वांत जास्त दिसणारं मशीन: एम्युलेटरवालं चिनी हँडहेल्ड, ‘दहा हजार गेम’वालं. त्या गेमांच्या कॉपीराइटचं काय, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात असे गेम भरून देण्याचा धंदा करू नये, हे या मासिकाचं मत जुनंच आहे. इथे मुद्दा कार्डाचा. सोबत येणारं बिननावाचं कार्ड हाच या मशीनचा सर्वांत कच्चा भाग, आणि सेव्हही त्याच्यावरच. असं मशीन कशासाठीही आलं, स्क्रीन बदलायला का असेना, आधी कार्डाची पूर्ण इमेज पीसीवर घ्या. मग चांगल्या कार्डावर उतरवा. नवं कार्डही विकण्यापूर्वी ‘एच2टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ3’ने शेवटापर्यंत लिहून वाचून बघा. 128 जीबी छापलेल्या खोट्या कार्डात सुरुवातीचे काही जीबी नीट बसतात आणि पुढचं सगळं हवेत जातं. 64 जीबीचं कार्ड 59 दाखवतं ते मात्र खोटं नव्हे, कंपनी हजाराने मोजते आणि संगणक 1024 ने. हे समजावून सांगायला एक मिनिट लागतं, तेवढं द्यावं.

आपल्याकडच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर कार्डाच्या पिवळ्या पट्ट्यांवर थर बसतो. ‘कार्ड ओळखत नाही’ म्हटल्यावर फॉरमॅटकडे धावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवून बघा. निम्मं काम तिथेच होतं, असा आमचा तरी अनुभव.

राहिला पैशाचा प्रश्न. सेव्ह काढून ठेवण्याचे वेगळे पैसे घ्यावेत का? घ्यावेत. पन्नास रुपये का होईनात, पण पावतीवर स्वतंत्र ओळीत लिहून. फुकट केलेलं काम गर्दीच्या दिवशी पहिलं सुटतं, आणि गणपती आता तोंडावर आलेत.