‘पासून’ आणि ‘पर्यंत’

समजा, २०२५ चा दसरा तोंडावर आला आहे. इंदूरमधल्या एका मराठी घरात महाबळेश्वरला जायचा बेत शिजतो आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे तिथल्या हॉलिडे होममध्ये खोली मिळू शकते. फक्त अर्ज आता कागदावर नाही, संगणकावर भरायचा. काकू चष्मा लावून बसतात. ‘पासून’च्या चौकटीत २८/०९/२०२५ लिहितात, ‘पर्यंत’च्या चौकटीत ०५/१०/२०२५. बटण दाबतात, तर लाल अक्षरे उमटतात : ‘तारीख चुकीची आहे.’

काकू पुन्हा लिहितात. पुन्हा तेच.

“अगं आई, तूच काहीतरी चुकीचं टाकलं असशील,” मुलगा आतल्या खोलीतून म्हणतो. तो येऊन बघेपर्यंत तास उलटतो आणि तेवढ्यात शेवटची खोली दुसऱ्या कुणाच्या नावावर लागते. काकू गप्प बसतात. आपल्याला हे जमत नाही, अशी त्यांची खात्रीच होते.

पण काकूंचे चुकले काय? काहीच नाही. चूक अर्ज तयार करणाऱ्याची होती.

शब्दकोशाची पद्धत

आपल्याला २८ सप्टेंबर आधी आणि ५ ऑक्टोबर नंतर, हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने चौकटीतला मजकूर ‘तारीख’ म्हणून न घेता नुसती अक्षरे म्हणून घेतला, तर संगणक शब्दकोशासारखा डावीकडून एकेक अक्षर तोलू लागतो. एकीकडे ‘२’, दुसरीकडे ‘०’. शून्य लहान, म्हणून ५ ऑक्टोबर आधी! महिना, वर्ष यांच्याकडे तो पोचतच नाही. काकूंचा मुक्काम संपल्यावर सुरू होतो, असे त्याचे मत होते आणि अर्ज परत येतो.

यावर उपाय जुनाच आहे. १९८८ मध्ये ‘आयएसओ ८६०१’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी मांडणी असते. २०२५-०९-२८ आणि २०२५-१०-०५ या दोन तारखा शब्दकोशाच्या पद्धतीने तोलल्या तरी उत्तर बरोबर येते. आजच्या ब्राउझरमध्ये तारखेची तयार चौकट मिळते. ती वापरणाऱ्याला त्याच्या सवयीची तारीख दाखवते, पण पुढे पाठवताना याच क्रमाने पाठवते. शिवाय ०३/०४ म्हणजे भारतात ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च, हा घोळही त्यामुळे टळतो.

नसलेली तारीख

दोन तारखांचा क्रम पाहण्याआधी प्रत्येक तारीख खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे पाहायला हवे. ३१ एप्रिल लिहिली तर घरातले लहान मूलही हसेल. पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेला वर्ष, महिना आणि दिवस वेगवेगळे देऊन ३० फेब्रुवारी २०२४ ही तारीख बनवायला सांगितले, तर ती कुरकुर न करता १ मार्च बनवून देते. भरणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि अर्ज भलत्याच दिवसाचा जातो.

अशी चूक मोठमोठ्यांनाही भोवते. मायक्रोसॉफ्टच्या ‘अझ्युर’ या सेवेवर जगभरच्या कंपन्या आपले कामकाज चालवतात. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ती अडखळली. तिच्यातल्या एका प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा लागत. शेवटची तारीख काढताना वर्षात फक्त एक मिळवला जाई. त्या दिवशी उत्तर आले २९ फेब्रुवारी २०१३, आणि असा दिवस तर उगवणारच नव्हता! प्रमाणपत्र तयार होईना आणि अनेक ग्राहकांची कामे तासन्‌तास खोळंबली.

शेवटचा दिवस धरायचा का?

तिसरा प्रश्न संगणकाचा नाही, माणसांचा आहे. २८ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर म्हणजे किती दिवस? कार्यालयात रजा टाकली तर आठ. खोलीचे भाडे मात्र सात रात्रींचे. ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’ या १८९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार, मुदत सांगताना ‘फ्रॉम’ म्हटले की पहिला दिवस वगळता येतो आणि ‘टू’ म्हटले की शेवटचा धरता येतो. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेव्हाही ‘प्रवासाचा दिवस वगळून’ असे स्पष्ट सांगितले. अर्ज बनवणाऱ्यानेही हे आधी ठरवावे आणि चौकटीशेजारी लिहावे. दोन्ही तारखा एकच असल्या तर चालतील का, हेही त्यातच आले. एका दिवसाच्या रजेला त्या चालायलाच हव्यात, एका रात्रीच्या मुक्कामाला नाही.

घड्याळाचीही एक गंमत आहे. भारतात १ ऑक्टोबरची मध्यरात्र होते, तेव्हा ग्रीनिचच्या वेळेनुसार ३० सप्टेंबरची संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नुसत्या दिवसाची गरज असताना प्रोग्रामने त्याला मध्यरात्रीची वेळ चिकटवली आणि ती ग्रीनिचच्या हिशेबात बदलली, की आपण निवडलेला १ ऑक्टोबर नोंदीत ३० सप्टेंबर होऊन बसतो. म्हणून जिथे दिवस पुरेसा आहे, तिथे दिवसच साठवावा.

दोनदा तपासणी, एक सरळ वाक्य

बँकेत काउंटरवरचा कारकून चेक पाहतो, तरी अधिकारी सही पुन्हा पडताळतो. इथेही तसेच हवे. ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते आणि ती चुकवता येते. म्हणून अर्ज जिथे पोचतो, त्या सर्व्हरवर हीच तपासणी पुन्हा झालीच पाहिजे.

आणि चूक सापडलीच, तर ती माणसाला कळेल अशी सांगावी. ‘तारीख चुकीची आहे’ यातून कुणाला काय कळणार? त्याऐवजी ‘परतीची तारीख येण्याच्या तारखेच्या आधीची आहे. कृपया ‘पर्यंत’ची चौकट पाहा,’ एवढे लिहिले तरी पुरे. भरलेला बाकीचा मजकूर पुसला जाऊ नये, ही आणखी एक माफक अपेक्षा.

वाचकांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पैसे भरण्याआधी पावतीवर महिन्याचे नाव आणि रात्रींची संख्या वाचून घ्यावी. आकड्यांत लपलेली चूक तिथे उघडी पडते. आणि अर्ज विनाकारण नाकारला जात असेल, तर पडद्याचे छायाचित्र काढून ते संबंधितांकडे तक्रारीसोबत पाठवावे. चूक दाखवल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही आणि पुढच्या माणसाचीही खोली जाते.

मुख्य म्हणजे, लाल अक्षरे दिसली की घरातल्या वडीलधाऱ्यांना लगेच दोष देऊ नये. आई म्हणते, “मी बरोबरच लिहिलंय रे,” तेव्हा मुलाने उठून एकदा बघावे. बरेचदा ती खरेच बरोबर असते.