कान शाबूत, मग पोर ऐकत का नाही?

'ऑडिओग्राम नॉर्मल आहे' हे वाक्य आपल्याकडे निकालासारखं वाचलं जातं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कागदावर सही केली, की घरी आणि शाळेत त्याचा एकच अर्थ निघतो. पोराला ऐकू येतंय, पण ते मुद्दाम ऐकत नाही. दोष कानाचा नसेल तर तो वळणाचाच, आणि वळणावरचा आपला उपाय सर्वांना ठाऊक आहे: आवाज चढवायचा, कान पिरगाळायचा, शेवटच्या बाकावर धाडायचं. नगर जिल्ह्यात (2024 पासून पाट्यांवर अहिल्यानगर आलं, बोलण्यात अजून नगरच आहे) ही समजूत जशी आहे तशी ती राज्यभर आहे. तिचं खंडन करायचं आहे. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. त्याच कागदाचा उलटा अर्थ लावून मेंदूच्या 'ट्रेनिंग'चं दुकान मांडणारेही आता तालुक्यापर्यंत पोचू लागले आहेत. त्यांचा समाचार घेतल्याशिवाय पहिल्या पक्षाला उत्तर पुरं होत नाही.

आधी तो कागद काय मोजतो ते पाहू. शांत खोलीत मुलाच्या कानाला हेडफोन लावतात. साधारण 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर एकेक करून, कमी कमी आवाजात ऐकवतात. ऐकू आला की मुलानं हात वर करायचा. चाचणी उत्तम आहे, बहिरेपणा शोधायला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पण शाळेत शुद्ध स्वर कोणी शिकवत नाही. शाळेत माणसं बोलतात, आणि एका वेळी अनेक बोलतात. द्विशिक्षकी शाळेचं चित्र डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत दोन इयत्ता, चौथीला भूगोल चाललाय, तिकडे दुसरी सतराचा पाढा घोकतेय, वर पत्रा, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची धडधड. पंख्याची घरघर मेंदू बाजूला सारू शकतो. शेजारून येणारं बोलणं सारणं फार अवघड, कारण त्यातही शब्द असतात आणि मेंदू ते उलगडायला धावतो. ऑडिओग्राम या खोलीबद्दल एक अक्षर बोलत नाही.

कानापासून अर्थापर्यंतची वाट लांब आहे. प्रत्येक कानात सुमारे 3500 आतल्या केशपेशी आणि मेंदूकडे जाणारे 30 हजारांच्या आसपास मज्जातंतू असतात. तिथून ध्वनी मेंदूच्या देठात शिरतो. तिथली एक गाठ दोन्ही कानांत आवाज पोचण्याच्या वेळेतला फरक मोजते. सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही माणसाला टिपता येतो, म्हणून तर हाक उजवीकडून आली की डावीकडून ते डोळे मिटूनही कळतं. पुढे आणखी दोन-तीन ठाणी ओलांडून ध्वनी कानशिलाच्या आतल्या श्रवणपटलावर येतो. या वाटेवर वाहतूक एकेरी नाही. मेंदूकडून खाली कानाकडे उतरणारेही तंतू आहेत, ते रासमुसेन यांनी 1946 साली दाखवून दिले. म्हणजे काय ऐकायचं याबाबत वरून खाली हुकूम येत असतात.

गर्दीत एकाच माणसाचं बोलणं आपण कसं वेचतो, हा प्रश्न कॉलिन चेरी यांनी 1953 साली विचारला. त्याचं सुंदर उत्तर 2012 साली मेसगरानी आणि चँग यांनी दिलं. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर विद्युतपट्ट्या बसवल्या होत्या, अशा रुग्णांना त्यांनी एकाच वेळी दोन माणसांचं बोलणं ऐकवलं. कानात दोन्ही आवाज शिरत होते. श्रवणपटलाच्या नोंदीत मात्र ज्याच्याकडे रुग्णाचं लक्ष होतं तोच बोलणारा ठसठशीत उमटला, जणू दुसरा तिथे नव्हताच. तेव्हा 'कानात गेलं म्हणजे ऐकलं' हा पहिल्या पक्षाचा पायाच खचतो.

आता दुसरा पक्ष. कान चांगला असूनही ऐकण्यात दोष राहू शकतो, हे इटलीतल्या बोक्का आणि सहकाऱ्यांनी 1954 साली दाखवलं. कानशिलामागच्या मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना शुद्ध स्वर नीट ऐकू यायचे, पण मुद्दाम अस्पष्ट केलेलं बोलणं गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाला उमगायचं नाही. या शोधातून पुढे 'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे निदान मुलांपर्यंत आलं. गाठ नसलेल्या, फक्त वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपर्यंत. तर्क सरळ वाटतो: ध्वनी मेंदूत कुठेतरी अडतोय, तर ध्वनीचे व्यायाम द्या, अडथळा निघेल. कॉम्प्युटरवर बीप ऐका, ताणून सावकाश केलेली अक्षरं ओळखा, पैसे भरा.

हा तर्क तपासून झालेला आहे. टॅलल आणि मर्झेनिक यांनी 1996 साली 'सायन्स'मध्ये मांडलेल्या कल्पनेवर 'फास्ट फॉरवर्ड' हा कार्यक्रम उभा राहिला आणि जगभर विकला गेला. 2011 साली स्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी त्यावरच्या काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या. वाचन किंवा भाषा सुधारते याला आधार मिळाला नाही. त्याआधी 2010 साली ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर यांच्या गटानं 6 ते 11 वयाची सुमारे 1500 मुलं तपासली. ज्यांना ऐकायला आणि बोलणं समजायला जड जातं, त्यांच्या अडचणीचा संबंध ध्वनीतले बारकावे टिपण्याच्या कुवतीशी फारसा लागेना. संबंध लागला तो लक्षाशी. हीच मुलं एका क्षणी अचूक उत्तर देत आणि पुढच्याच क्षणी चुकत. मूर पुढे सिनसिनाटीला गेले. तिथल्या गटानं 2022 साली 85 मुलांच्या मेंदूचं चित्रण प्रसिद्ध केलं. त्यात अर्धी मुलं ऐकण्याची अडचण असलेली होती, अर्धी नसलेली, आणि कान सर्वांचे चांगले. वाक्यं ऐकताना मेंदूचे जे भाग उजळतात, त्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. फरक होता तो गुंतागुंतीचं बोलणं समजून घेणाऱ्या भागांच्या आपसांतल्या जोडणीत. ती जोडणी जितकी वेगळी, तितका परिणाम गोंगाटातल्या ऐकण्यावर, लक्षावर, स्मरणावर आणि शब्दसंग्रहावर. दोष ध्वनीपेक्षा भाषेच्या बाजूला आहे, असा त्यांचा कौल आहे. मग बीप ऐकवून काय साधणार?

सिडनीच्या कॅमेरॉन आणि डिलन यांचं काम मी या दुकानांत धरत नाही. आवाज कोणत्या दिशेनं येतो याचा फायदा घेऊन गोंगाट गाळण्याची कुवत काही मुलांत कमी असते. ती त्यांनी नेमकी मोजली आणि त्याच नेमक्या उणिवेवर सराव दिला, तेव्हा सुधारणा दिसली. अडचण अरुंद, उपाय अरुंद. सगळ्या आजारांवर एकच पुडी देण्याशी याचा काही संबंध नाही.

इथे पहिल्या पक्षातले गुरुजी हसतील. 'पाहा, आम्ही तेच म्हणत होतो! पोरगं लक्ष देत नाही!' हा आक्षेप सर्वांत जोरकस आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण मूर यांनी मोजलेलं 'लक्ष' आणि गुरुजींचं 'लक्ष' ही दोन वेगळी चलनं आहेत. गुरुजींच्या हिशेबात लक्ष ही नीयत आहे. मनात आणलं की देता येतं, दिलं नाही तर तो उद्धटपणा. मोजमापातलं लक्ष हे मेंदूचं काम आहे आणि त्याला मर्यादा आहेत. शेजारच्या पाढ्यांतून भूगोल वेचायला ज्या मुलाला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात, ते पहिल्या तासाला वेचतं आणि तिसऱ्या तासाला थकतं. मग सकाळी ऐकलं होतं हेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जातं. तेव्हा 'लक्षाचा प्रश्न आहे' या निष्कर्षानं मुलाचा अपराध सिद्ध होत नाही. त्याची अडचण कुठे आहे तेवढं कळतं. दृष्टी अधू असलेल्या मुलाला डोळे वटारून कोणी वाचायला लावत नाही.

ऐकणं किती कानाचं आणि किती मेंदूचं, याचा एक अजब पुरावा नगरच्या वेशीबाहेरच आहे. अरणगावजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा 10 जुलै 1925 पासून 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत बोलले नाहीत. 1954 पर्यंत ते अक्षरांच्या पाटीवर झरझर बोट फिरवत आणि भोवतालचे लोक वाक्यं वाचून दाखवत. नंतर पाटीही गेली, हातवारे राहिले. ध्वनी शून्य, तरी संभाषण चालू. ते शक्य झालं ते भाषेच्या जाणिवेवर, माणसाच्या ओळखीवर आणि एकाग्रतेवर. अर्धं वाक्य दिसलं की उरलेलं मनात पुरं व्हायचं. बोलणं ऐकतानाही प्रौढ माणूस हेच करत असतो. हरवलेले शब्द तो सवयीनं भरून काढतो, आणि म्हणून शिक्षकांना वर्गातला गोंगाट तितका खुपत नाही. मुलाकडे भरून काढायला तेवढी भाषा नसते. गोंगाटातलं ऐकणं पौगंडावस्थेपर्यंत पिकत राहतं.

आता यात आपल्या जिल्ह्याची भर घाला. अकोल्याच्या डोंगरातलं ठाकर मूल घरी वेगळी बोली बोलतं, तांड्यावरचं मूल गोरमाटी. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कामगारांची मुलं निम्मं वर्ष फडावर असतात. त्यावर सेमी इंग्लिश आलं, म्हणजे गणित आणि विज्ञान अशा भाषेत की जिचा शब्द हरवला तर मनात दुसरा तयार नसतो. परक्या भाषेतलं बोलणं गोंगाटात लवकर बुडतं, हे पक्क्या कानाच्या माणसालाही लागू आहे. 'पळ' आणि 'फळ', 'दार' आणि 'धार' यांतला फरक श्वासाच्या एका झोताचा. मागच्या बाकापर्यंत जाताना तो झोत आधी मरतो. मग मूल 'धार'च्या जागी 'दार' लिहितं आणि शुद्धलेखनाचे गुण जातात.

'मोबाइलनंच पोरं बिघडली' हा आक्षेप मी एका वाक्यात निकालात काढतो: बोक्कांच्या रुग्णांकडे मोबाइल नव्हते.

पण दोष भाषेच्या आणि लक्षाच्या बाजूला असतो म्हणून कान तपासूच नयेत, असा अर्थ कोणी काढू नये. लहानपणी ज्याचा कान वारंवार फुटलाय, पू वाहिलाय, कानात तेल घालून ज्याची बोळवण झालीय, त्याच्या ऑडिओग्रामवर मी चटकन विसंबणार नाही. अशा मुलांत 8000 हर्ट्झच्या वरची पट्टी अधू झालेली आढळते आणि नेहमीच्या चाचणीत ती पट्टी मोजलीच जात नाही. ज्याला जन्मानंतर तीव्र कावीळ झाली होती, त्याची तर 'बेरा' चाचणी, म्हणजे कानापासून मेंदूच्या देठापर्यंतची वाट तपासणारी चाचणी, मागून घ्यावी. काविळीनं श्रवणमज्जेचा ताल बिघडू शकतो. मग आवाज येतो, पण शब्द विस्कटलेले. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी शाळांत वर्षातून एकदा येतात. त्यांच्या यादीत ऐकण्यातली उणीव, कान फुटणं, भाषेचा विलंब, अध्ययन-अडचण हे सगळं आहे. नगरला विळद घाटात आणि प्रवरेला लोणीत वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. दारं आहेत, पण पथकापुढे मुलाला उभं करणारे गुरुजी 'हा ऐकत नाही' एवढंच सांगतात आणि ती तक्रार शिस्तीच्या खात्यात पडते.

कायद्यानंही घोळ घातलाय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष डेसिबलमध्ये आहे: दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट म्हणजे कमी ऐकू येणं, 70 पासून पुढे बहिरेपण. आपलं हे मूल या मापात कुठेच बसत नाही. त्याच कायद्यातली विशिष्ट अध्ययन अक्षमतेची व्याख्या मात्र 'बोललेली वा लिहिलेली' भाषा समजण्यातल्या उणिवेबद्दल बोलते. बोललेली हा शब्द तिथे आहे. प्रत्यक्षात अध्ययन अक्षमता म्हटलं की आपल्याकडे वाचन-लेखनापलीकडे कोणाची नजर जात नाही.

माझा पक्ष असा की निदानाची वाट न पाहता आधी खोली दुरुस्त करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शनानुसार वर्गातला मागचा आवाज 35 डेसिबलच्या आत हवा आणि घुमारा 0.6 सेकंदाच्या आसपास. आपल्या 2000 च्या ध्वनिनियमांत शाळेभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र मानता येतं, तिथेही दिवसा 50 डेसिबलची मुभा आहे, आणि तीही कागदावर. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं घटतो. बंद खोलीत घट कमी, पण बदल्यात घुमारा पदरी पडतो. म्हणून अशा मुलाला शिक्षकांपासून दोन मीटरवर, त्यांचं तोंड दिसेल असं आणि खिडकीपासून दूर बसवणं हा पहिला उपाय. सूचना तोडून द्याव्यात, एका दमात तीन कामं सांगू नयेत, फळ्यावर लिहावं, आणि 'समजलं का?' न विचारता 'काय करायचंय ते सांग' म्हणावं. पहिल्या प्रश्नाला सगळी मुलं हो म्हणतात.

ध्वनिवर्धक आणायची घाई मात्र नको. घुमणाऱ्या खोलीत त्यानं घुमाराही वाढतो. आधी पत्र्याखाली छत हवं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात बारदानाला तोटा नाही. जाड बारदानाचे दोन-तीन थर, मध्ये हवेची पोकळी ठेवून भिंतीवर ताणले तर घुमारा कमी होतो. पातळ पडद्यानं काही होत नाही. आग लागेल, उंदीर होतील, हा मुख्याध्यापकांचा आक्षेप मला मान्य आहे. विजेच्या बोर्डापासून ते लांब ठेवावं, दिवाळीच्या सुट्टीत उतरवून झटकावं. आणि पाढे घोकणाऱ्या इयत्तेला निदान भूगोलाच्या तासापुरतं व्हरांड्यात बसवावं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. बारदानाचा ठराव मांडायला तेवढे पालक पुरतात. वेळापत्रक बदलायला तर ठरावाचीही गरज नाही.