एडनलाच का?

दिवाळीच्या सुमारास माझ्या सासुरवाडीला, म्हणजे निफाड तालुक्यातल्या एका गावी, कोणी स्वस्थ बसलेले आढळत नाही. द्राक्षबागांच्या गोडी छाटणीचे ते दिवस. फराळाची ताटे ओटीवर आणि माणसे बागेत, अशी तेथली रीत. माझे मेव्हणे अण्णा चकलीचा तुकडा तोंडात टाकतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात आणि पायरी उतरता उतरता मला विचारतात, "काय दाजी, यंदा समुद्र काय म्हणतोय?"

मी मराठीचा प्राध्यापक. समुद्रावरच्या कविता शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण अण्णांचा प्रश्न काव्यातला नसतो. त्यांना तांबड्या समुद्राची खबर हवी असते. निफाडच्या शेतकऱ्याने ती मराठीच्या मास्तरला का विचारावी, याची हकिगत सांगण्याजोगी आहे.

काही वर्षांपूर्वी वर्गात मी वासुदेव बळवंत फडक्यांविषयी सांगत होतो. १८७९ साली ते पकडले गेले, जन्मठेप झाली, एडनच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथून तुरुंगाचे दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, पुन्हा सापडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मायदेशापासून दूर त्यांनी देह ठेवला. माझा आवाज चांगला लागला होता. वर्ग गंभीर झाला होता. इतक्यात मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. "सर, एडनलाच का? अंदमान होते की!"

मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे सरळ म्हणावे, तर प्राध्यापकाची जीभ तेवढी सहज वळत नाही. मी म्हणालो, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही." वर्ग हसला आणि पोरगा खाली बसला. त्या दिवशी मी सुटलो असे मला वाटले. पण प्रश्न काही सुटला नव्हता.

तो पुन्हा उभा राहिला २०२४ च्या हंगामात, आणि तोही अण्णांच्या तोंडून.

अण्णांची द्राक्षे युरोपात जातात. छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनी घड तोडायचे, खोक्यांत भरायचे, थंड करायचे आणि शीतपेटीतून न्हावा-शेवा बंदरात पोचवायचे. तेथून आगबोट अरबी समुद्र ओलांडते, एडनवरून बाब-एल-मांदेबच्या सामुद्रधुनीत शिरते, तांबडा समुद्र आणि सुएझ कालवा पार करून रॉटरडॅम गाठते. सारा प्रवास तीन-चार आठवड्यांचा. द्राक्ष तेवढा धीर धरते. त्याहून अधिक धीर धरणे त्याच्या स्वभावात नाही.

पण १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधल्या हूती बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' नावाचे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतले. गंमत पाहा, ते जहाज तुर्कस्तानातून आपल्या गुजरातेतल्या पिपावाव बंदराकडे निघाले होते. त्यावरचे पंचवीस खलाशी सुटले ते जानेवारी २०२५ मध्ये. गाझातल्या युद्धाचा जाब आम्ही जहाजांना विचारतो आहोत, असे हूतींचे म्हणणे. पुढे क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सुरू झाले. विम्याचा जो हप्ता जहाजाच्या किमतीच्या दशांश टक्क्याहूनही कमी असे, तो पाऊण-एक टक्क्यापर्यंत चढला. मोठमोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. १४९८ साली वास्को द गामा ज्या वाटेने कालिकतला आला, त्याच वाटेने निफाडची द्राक्षे युरोपात निघाली! दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले आणि भाडे दुपटीहून वर गेले.

मार्चमधल्या एका रात्री अण्णा नाशिकला आमच्या घरी आले. हातात हिशेबाची वही. व्यापाऱ्याने भाव पाडला होता, एका प्लॉटचा माल बेदाण्याला घालावा लागला होता आणि सोसायटीचा हप्ता तोंडावर होता. चहा तसाच निवत ठेवून ते म्हणाले, "दाजी, तुम्ही शिकलेली माणसं. मला एवढंच सांगा. माझं त्या हूतींशी भांडण नाही, त्या इस्रायलशी नाही, अमेरिकेशी नाही. मग माझा माल आफ्रिका कशापायी फिरतोय?"

या वेळी मात्र 'परीक्षेला येत नाही' म्हणण्याची सोय नव्हती. मी मुलाचा नकाशासंग्रह काढला. न्हावा-शेव्यापासून बोट फिरवत पश्चिमेला गेलो आणि जेथे समुद्र आवळून जेमतेम तीस किलोमीटरांचा होतो, तेथे थांबलो. बाब-एल-मांदेब म्हणजे अश्रूंचे द्वार. आणि त्या दाराच्या अलीकडे, ओसरीवर बसल्यासारखे, एडन!

मग मी वाचनालयाची पायरी चढलो आणि माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर मला सापडले. १८३० साली मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. तिला वाफ हवी, वाफेला कोळसा हवा, आणि कोळसा घ्यायला वाटेत मुक्काम हवा. तो मुक्काम एडनचा. १८३९ च्या जानेवारीत इंग्रजांनी मुंबईहून आरमार पाठवून एडन घेतले आणि ते मुंबई सरकारच्या कारभाराला जोडले. १९३२ पर्यंत ते तसेच होते. १८६९ साली सुएझ कालवा उघडल्यावर तर त्या ओसाड खडकाला सोन्याचे मोल आले. म्हणजे फडक्यांच्या काळी एडनचा तुरुंग हा मुंबई सरकारचाच तुरुंग होता. ज्या चिंचोळ्या पाण्यापायी इंग्रजांनी एडन बळकावले, त्याच पाण्यात अण्णांची द्राक्षे अडली. मधली जवळजवळ दोन शतके नुसती दारावरची माणसे बदलत होती.

१९६७ च्या नोव्हेंबरात इंग्रज एडन सोडून गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धाने सुएझ बंद पडला होता, तो उघडायला १९७५ चा जून उजाडला. कोळशाची जागा तेलाने घेतली, पण दार तेच राहिले. समोरच्या किनाऱ्यावरचे जिबूती एवढेसे राष्ट्र. पण अमेरिका, फ्रान्स, जपान यांच्यापाठोपाठ २०१७ साली चीननेही तेथे लष्करी तळ उघडला. नाक्यावरचे घर असले की भाडेकरूंना तोटा नसतो! उलट इजिप्तचे पाहा. सुएझच्या जकातीतून २०२३ साली त्याला दहा अब्ज डॉलरच्या वर मिळाले. २०२४ मध्ये ते चारच्या आसपास आले. एक दार स्वतःचे असून काय उपयोग, पलीकडचे दुसऱ्याने अडवले तर?

आपणही त्या पाण्यात अगदीच प्रेक्षक नव्हतो. २०१५ मध्ये येमेनात युद्ध पेटले, तेव्हा साडेचार हजारांवर भारतीयांना तेथून सुखरूप आणले गेले. त्या कामी गेलेल्या युद्धनौकांत एकीचे नाव 'मुंबई' होते. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून पेटलेल्या 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर बावीस भारतीय खलाशी होते. त्याची आग विझवायला 'विशाखापट्टणम'वरचे आपले नौसैनिक धावले. माणसे वाचवता येतात. व्यापाराची वाट एकट्याने मोकळी ठेवणे भल्याभल्यांना जमलेले नाही.

हे सारे मी अण्णांना सांगितले. त्यांनी निमूटपणे ऐकले, नकाशावरच्या त्या ठिपक्यावर आपले राकट बोट ठेवले आणि म्हणाले, "म्हणजे भांडण कुणाचंही असो, दाजी, पावती आपल्याच नावाची."

मला यापलीकडे फारसे काही म्हणता येत नाही. राष्ट्राराष्ट्रांच्या डावपेचांवर जाडजूड ग्रंथ आहेत, आणि त्यांत आरमारे, तेल, करार यांची चर्चा असते. पण दाराशी झटापट करणाऱ्यांपैकी कोणीच ज्याला ओळखत नाही, असा एक माणूस त्या वाटेच्या टोकाला हिशेबाची वही घेऊन बसलेला असतो. तो निफाडचा असतो, तसाच येमेनमधला गव्हाची वाट पाहणाराही असतो.

तेव्हापासून अण्णा एकदम सगळी बाग छाटत नाहीत. पुढेमागे तारखा धरतात, एक प्लॉट बेदाण्यासाठी राखतात, आणि मला समुद्राची खबर विचारतात. ती मला सांगता येत नाही, हे आता मी सरळ कबूल करतो. आणि वर्गात फडके शिकवायचे असले, की काखेत मुलाचा नकाशासंग्रह घेऊन जातो. मागच्या बाकावरचा तो पोरगा केव्हाच पास होऊन गेला. तो भेटला, तर त्याला एक उत्तर द्यायचे आहे. परीक्षेला तो प्रश्न अजूनही येत नाही.