घोरणे हसण्यावारी नेऊ नका

लग्नघरात सगळे पाहुणे एकाच खोलीत झोपले की सकाळच्या चहाला एक विषय ठरलेला असतो. रात्रभर कोणाचे ‘इंजिन’ चालू होते? सगळे हसतात, घोरणाराही हसतो. आमच्या शेजारच्या वहिनी मात्र हसत नसत.

‘‘घोरण्याचं काही नाही हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण मधेच आवाज थांबतो ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मी यांना हलवून जागं करते.’’ भाऊ दिवसा ऑफिसात पेंगत. एकदा तर सिग्नलला स्कूटरवरच त्यांचा डोळा लागला. तेव्हा कुठे ते डॉक्टरांकडे गेले.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. त्या वाटेवरचे मऊ भाग थरथरतात, ते घोरणे. वाट पूर्ण बंद होऊन श्वास 10 सेकंद किंवा अधिक थांबला, तर ते ‘स्लीप अॅप्निया’चे लक्षण. श्वास थांबण्याचे किंवा फार मंदावण्याचे प्रकार तासाला 5 ते 15 असले तर आजार सौम्य, 30 पर्यंत मध्यम आणि त्याहून जास्त असले तर गंभीर समजतात. या आजाराबरोबर रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. रात्रभराच्या ‘स्लीप स्टडी’त हे सारे मोजले जाते.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र. भाऊंना मास्क लावून झोपच येईना. त्यांचा आजार मध्यम होता, म्हणून डॉक्टरांनी त्यांना दंतवैद्याकडे पाठवले.

दंतवैद्याने दोन्ही जबड्यांची मापे घेऊन कवळीसारखे साधन बनवून दिले. झोपताना ते दातांवर बसवले की खालचा जबडा थोडा पुढे राहतो. त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते. जबडा एकदम नव्हे, तर काही आठवड्यांत हळूहळू पुढे आणतात.

सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा दुखतो. काही वर्षांत दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून नियमित तपासणी हवी. दात हलत असतील, फार थोडे उरले असतील किंवा जबड्याच्या सांध्याचे दुखणे असेल, तर हे साधन सहसा चालत नाही. बाजारात तयार मिळणारे घेऊन घरी प्रयोग करू नका. आजार गंभीर असेल तर सीपॅप मनाने बंद करू नका. लहान मूल रोज घोरत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल वाढलेले असू शकतात.

वजन कमी करणे, रात्रीचे मद्य टाळणे, कुशीवर झोपणे, यांचाही उपयोग होतोच.

आणखी एक गोष्ट. घोरण्याचा आवाज थांबला म्हणजे आजार गेला असे नाही. साधन लावून पुन्हा स्लीप स्टडी करावी लागते. भाऊंनी ती केली, आकडा 5 च्या खाली आला.

आपला श्वास थांबतो हे झोपलेल्याला कळत नाही, शेजारी जागणाऱ्याला कळते. म्हणून वहिनींसारखे कोणी काही सांगत असेल, तर त्याला कटकट समजू नका. वहिनी आता रात्री कोणाला हलवून उठवत नाहीत. त्याही झोपतात.