ऑक्टोबरातली ईर्ष्या

कोजागिरीच्या निमित्तानं शनिवारी बॉस्टनच्या उपनगरात आम्ही वीसेक मराठी कुटुंबं एका घरामागच्या अंगणात जमलो होतो. मसाला दूध उकळत होतं, पोरं अंगणभर पळत होती आणि मोठ्यांत विषय निघाला होता तो दोनच दिवसांपूर्वीच्या बेसबॉल गेमचा. २ ऑक्टोबर २०२५च्या रात्री न्यू यॉर्कच्या यँकीजनी आमच्या रेड सॉक्सना ४-० असं हरवून घरी पाठवलं होतं. मला ते झोंबलं होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तेवढ्यात एका गृहस्थांनी दुधाचा पेला खाली ठेवला आणि आम्हा सगळ्यांची शाळा घेतली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हे खेळाडू पगारी. आज इथे, उद्या जास्त पैसे देणाऱ्याकडे. त्यांच्यासाठी गळा काढणं हा खुळेपणा. हे वैर टीव्हीवाल्यांनी धंद्यासाठी वाढवलेलं आणि त्यातून डोकी फुटतात. पिचर कधी बदलायचा यावर स्टेडियममध्ये चालणारे वाद अडाण्यांचे, कारण त्याचं उत्तर आता आकडेवारी देते. आणि शेवटी, आपण इथे पोटासाठी आलेली माणसं, बॉस्टनचं न्यू यॉर्कशी वाकडं असलं तर आपल्याला काय त्याचं?

घर दुसऱ्याचं होतं म्हणून त्या रात्री मी गप्प बसले. आता बसणार नाही.

पगारी खेळाडूंचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि सगळ्यांत पोकळ आहे. खेळाडू विकला जातो म्हणून वैर खोटं, असं हे गृहस्थ म्हणतात. अहो, हे वैर जन्मलंच मुळी एका खेळाडूच्या विक्रीतून! तोवर बॉस्टननं पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली होती, शेवटची १९१८ साली, आणि यँकीजच्या खात्यावर एकही नव्हती. १९१९च्या डिसेंबरात बॉस्टनच्या मालकानं, हॅरी फ्रेझीनं, बेब रूथला एक लाख डॉलरला यँकीजना विकलं. त्यानंतर २००४पर्यंत बॉस्टनला एकही विजेतेपद मिळालं नाही आणि त्याच काळात यँकीजनी २६ मिळवली. इथल्या लोकांनी त्याला शाप म्हटलं. शापावर कुणाचा विश्वास असो नसो, आजोबांनी नातवाला सांगायची गोष्ट त्यातून तयार झाली. सौदा हा या वैराचा पायाच आहे, आणि हे त्याला भोक समजतात.

बरं, त्यानंतरचेही सौदे बघा. २००४च्या ऑक्टोबरात बॉस्टनविरुद्धच्या मालिकेत यँकीज ३-० असे पुढे होते. चौथ्या गेमच्या नवव्या इनिंगमध्ये बॉस्टन ४-३नं मागे, समोर मारियानो रिव्हेरा. डेव्ह रॉबर्ट्सला पहिल्या बेसवर धावायला उभं केलं. तो त्याच वर्षी ३१ जुलैला टीममध्ये आला होता. रिव्हेरानं तीनदा पहिल्या बेसकडे बॉल फेकून त्याला दटावलं. आमच्या सगळ्या फेनवे पार्कला ठाऊक होतं की हा पळणार, रिव्हेरालाही ठाऊक होतं, आणि तरी तो पळाला. हाताच्या बोटांनी दुसरी बेस गाठली, बिल म्युलरच्या फटक्यावर घरी आला, बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझनं होमरन मारला तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटली होती. बॉस्टननं पुढचे तिन्ही गेम घेतले. ०-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकणारी ती बेसबॉलमधली पहिली टीम. त्या मालिकेत रॉबर्ट्स बॅटिंगला एकदाही आला नाही, आणि हिवाळ्यात तो सान डिएगोला निघूनही गेला. जेमतेम तीन महिन्यांची नोकरी! आज तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा मॅनेजर आहे, तरी बॉस्टनमध्ये कुठल्याही न्हाव्याच्या दुकानात त्याचं नाव काढून बघा, माणूस कात्री थांबवून बोलायला लागतो. निष्ठा पगाराच्या पावतीवर मोजायची असती तर हे झालंच नसतं.

उलट बाजूही सांगते. त्याच मालिकेच्या सातव्या गेममध्ये जॉनी डेमननं दोन होमरन मारून यँकीजची कंबर मोडली. चौदा महिन्यांनी तोच डेमन ५ कोटी २० लाख डॉलरवर यँकीजकडे गेला. पुढच्या मे महिन्यात तो फेनवेला आला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. वैर जर पैशानं फुसकं होत असेल, तर त्या संध्याकाळी लोकांनी खांदे उडवून हॉट डॉग खात बसायला हवं होतं. आणि २ ऑक्टोबरचाच गेम घ्या. आम्हाला ज्यानं आठ इनिंग एक रन काढू दिली नाही, बारा जणांना स्ट्राइकआउट केलं, तो कॅम श्लिटलर बॉस्टनजवळच्या वॉलपोलचा, कॉलेज शिकला तेही बॉस्टनमध्येच. घरचा पोरगा शत्रूच्या शर्टात आला म्हणून माझं दुःख कमी झालं का? दुप्पट झालं! माणसं इकडची तिकडे गेल्यानं ईर्ष्येला धार चढते, हे ज्याला कळत नाही त्यानं भावकी कधी पाहिलेली नसावी.

आता आकडेवारी. मी आकड्यांच्या विरोधात नाही. पण आकडे सगळं ठरवतात म्हणणाऱ्यानं दोन गेम शेजारी शेजारी ठेवून बघावेत. १६ ऑक्टोबर २००३, यँकी स्टेडियम, सातवा गेम. आठव्या इनिंगला बॉस्टन ५-२नं पुढे. बॉस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला दिसत होता, मॅनेजर त्याच्यापर्यंत चालत गेला, बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. बरोबरी झाली, अकराव्या इनिंगमध्ये यँकीजच्या एरन बूननं होमरन मारला, आणि त्या मॅनेजरची नोकरी गेली. मग २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा गेम. टँपा बेच्या ब्लेक स्नेलनं ७३ बॉलमध्ये नऊ स्ट्राइकआउट घेतले होते, फक्त दोन हिट दिले होते, टीम १-०नं पुढे. बॅटरांची फळी तिसऱ्यांदा समोर आली की पिचर मार खातो, असं आकडा सांगतो म्हणून मॅनेजरनं त्याला काढला. डॉजर्स ३-१नं जिंकले. एकानं माणसावर भरवसा ठेवला आणि बुडाला, दुसऱ्यानं आकड्यावर ठेवला आणि बुडाला. हजार गेममध्ये काय होतं ते आकडा सांगतो. आज या थंडीत या माणसाच्या हातात अजून किती जीव आहे, हा प्रश्न उरतोच, आणि स्टँडमध्ये लोक भांडतात ते त्याच प्रश्नावर. त्यांना अडाणी म्हणायचं असेल तर आधी त्यांच्या शेजारी बसा.

मी बसले आहे. ५ ऑक्टोबर २०२१, फेनवे, एका गेमचा निकाल, हरला तो घरी. माझ्या शेजारी न्यू हेवनचा एक निवृत्त बसड्रायव्हर, डोक्यावर यँकीजची टोपी, मांडीवर स्कोअरकार्ड, हातात दातांनी कुरतडलेली पेन्सिल. न्यू हेवनचं कनेक्टिकट राज्यच दोन टीममध्ये वाटलेलं आहे, एका घरात दोन टोप्या सापडतात. पहिल्याच इनिंगमध्ये यँकीजच्या जियानकार्लो स्टँटनचा फटका डाव्या बाजूच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवर आदळला. आमच्या स्टेडियममध्ये हा होमरन होता, असं ते म्हणाले. मी म्हटलं, १९७८मध्ये बकी डेंटचा उंच उडालेला फटका याच भिंतीवरून पलीकडे पडला तेव्हा तुमची तक्रार नव्हती. डेंटचा त्या हंगामातला तो फक्त पाचवा होमरन होता, आणि त्यानं आमचं वर्ष संपवलं होतं. म्हातारबाबा खुशीत आले, कारण ती दुपार त्यांनी स्वतः रेडिओवर ऐकली होती.

सहाव्या इनिंगमध्ये आमच्या मॅनेजरनं नेथन इव्होल्डीला ७१ बॉलनंतर काढलं. आमची सगळी रांग दोन पक्षांत फुटली. मी ओरडत होते की काढू नका, म्हातारबाबा म्हणत होते की अजून दोन बॅटरआधी काढायला हवा होता. म्हणजे माझ्या टीमच्या भल्याचं माझ्यापेक्षा त्यांना जास्त पडलं होतं. नव्या पिचरला स्टँटननं पुन्हा भिंतीवर मारलं. ॲरन जज पहिल्या बेसवरून निघाला तो थांबलाच नाही. भिंतीवरून बॉल सेंटरफिल्डरकडे, तिथून शॉर्टस्टॉपकडे, तिथून कॅचरकडे, आणि जज घरात शिरता शिरता बाद. पस्तीसेक हजार माणसं किंचाळत होती. माझ्या शेजारी मात्र शांतपणे पेन्सिल चालली होती, त्या तिघांच्या जागांचे आकडे, ८-६-२. मग त्यांनी ती पेन्सिल आडवी धरून मला दाखवली. टोक मोडलं होतं, कागदाला भोक पडलं होतं. तिसऱ्या बेसवर थांबवायला हवं होतं त्याला, असं ते पुढच्या तीन इनिंगमध्ये मला निदान सहा वेळा म्हणाले. आम्ही ६-२नं जिंकलो. तो मनुष्य एवढं सगळं डोळ्यांत साठवत बसला होता, आणि अंगणातले विद्वान त्याला अडाणी ठरवतात!

अंगणातल्या त्या गृहस्थांशी माझं पूर्वीही एकदा वाजलं होतं. २०२०पासून जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करतात, त्याचं त्यांना फार कौतुक. गेम लवकर संपतो म्हणे. ऑक्टोबरात तो नियम नाही, हे बेसबॉलवर उपकार आहेत. २०१८च्या वर्ल्ड सिरीजमधला तिसरा गेम १८ इनिंग चालला, सात तास वीस मिनिटं. मी शेवटपर्यंत जागी होते आणि आम्ही हरलो. एक मिनिटही परत मागणार नाही.

डोकी फुटण्याबद्दल मी हलकेपणानं बोलणार नाही. २०११मध्ये डॉजर स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सान फ्रान्सिस्कोच्या एका फॅनला इतकं मारलं की त्याचा मेंदू कायमचा दुखावला. मारणारे गुन्हेगार होते, आणि नंतर ज्यूरीनं सुरक्षेच्या हलगर्जीबद्दल क्लबलाही काही अंशी जबाबदार धरलं. २०२४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यँकी स्टेडियममधल्या दोघांनी मूकी बेट्सचा हात धरून त्याच्या ग्लोव्हमधून बॉल ओढला. त्यांना बाहेर काढलं, योग्यच झालं. पण गर्दीच्या क्रौर्याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत लाजिरवाणं उदाहरण वैरातून आलेलंच नाही. २००३मध्ये शिकागोच्या रिग्ली फील्डवर फाउल बॉलकडे एका तरुणानं हात केला. त्याच्या आजूबाजूच्या आणखी काही जणांनीही केला होता. शिकागोचे कब्ज ३-०नं पुढे होते, फायनलपासून पाच आउट दूर. नंतर शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा बॉल सुटला, एका इनिंगमध्ये आठ रन गेल्या, पण सबंध शहर तुटून पडलं ते त्या पोरावर. त्याला पहारा देऊन बाहेर न्यावं लागलं. तो कब्जचाच फॅन होता, डोक्यावर कब्जचीच टोपी होती! आपल्याच माणसाला खाणारी ती गर्दी होती. याचा दोष ईर्ष्येवर कसा टाकता?

टीव्हीवाल्यांनी वैर निर्माण केलं, यावर एवढंच म्हणते की रूथ विकला गेला तेव्हा टीव्ही नव्हता.

राहिला आपला काय संबंध हा प्रश्न. मी कोल्हापूरची. वडील मंगळवार पेठेतले, मामा शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा फुटबॉल सामना असला की मामा आमच्याकडे जेवायला येत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहाला हजर, जिंकले असतील तर मिशीला पीळ देऊन, हरले असतील तर रेफरीच्या नावानं बोटं मोडत. आमच्याकडे त्याला ईर्ष्या म्हणतात. खुन्नस वेगळी, ईर्ष्या वेगळी. खुन्नस ठेवणाऱ्याला समोरचा नकोसा असतो, ईर्ष्या असणाऱ्याला तो समोर हवाच असतो. माझ्या मामांना मंगळवार पेठेच्या गोलकीपरच्या गुडघ्याचं दुखणं माझ्या वडिलांच्या आधी कळायचं. हे ज्या घरात शिकले, त्या घरातून मी इथे आले.

आल्यावर पहिली काही वर्षं माझ्याशी लोक बोलत ते हवेबद्दल आणि माझ्या नावाच्या उच्चाराबद्दल. २७ ऑक्टोबर २००४ला रेड सॉक्सनी सेंट लुईसला वर्ल्ड सिरीज जिंकली. इथे ती कोजागिरीची रात्र होती आणि नेमकं खग्रास चंद्रग्रहण लागलं होतं. मी दूध चुलीवर ठेवून एकदा खिडकीतून तांबूस चंद्र बघत होते, एकदा टीव्ही. शेवटचा आउट झाला तशी समोरच्या घरातली आजी गाऊनवरच रस्त्यावर आली. तिचा नवरा ही रात्र न बघताच गेला होता. तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि त्या रात्रीपासून आम्ही हवेबद्दल बोललो नाही. वैर नसतं तर त्या विजयाला एवढं वजन आलं नसतं, आणि ती दारातून बाहेर आली नसती. माझी बाजू मांडायला याहून मोठा सिद्धान्त माझ्यापाशी नाही.

त्या २ ऑक्टोबरच्या रात्री चौथी रन गेल्यावरही मी टीव्ही बंद केला नाही. गेम संपला, श्लिटलरला टीममधल्यांनी मिठ्या मारल्या, आणि माझा फोन वाजला. न्यू हेवनहून मेसेज होता. शब्द एकही नाही, नुसता आकडा, १२.

मी उत्तर धाडलं, ८-६-२.