हेकरू वर सोडू नका, खाली पोचवा

येत्या शनिवार-रविवारी मालवण, रत्नागिरी, मुरूडहून खोल पाण्यात गरवायला निघणाऱ्या हौशी मंडळींना कळकळीची विनंती: बोटीत एक रिकामा प्लास्टिकचा क्रेट, थोडं शिसं आणि तळ गाठेल एवढी दोरी असल्याशिवाय धक्का सोडू नका.

हेकरू, तांबोशी हे खडपात, तळाशी राहणारे मासे. ४० मीटर पाण्याखाली त्यांच्यावर इथल्या हवेच्या पाचपट दाब असतो. आपण रीळ गरागरा फिरवून त्यांना वर ओढतो आणि पोटातल्या पिशवीतली हवा पाचपट फुगू पाहते. (घोळीची हीच पिशवी ‘बोत’ म्हणून सोन्याच्या भावाने विकली जाते.) डोळे बाहेर येतात, जठर उलटून तोंडातून फुग्यासारखं लोंबतं. असा मासा पाण्यात टाकला तर बुडतच नाही. आडवा तरंगत शेपूट आपटत राहतो, वर घारी घिरट्या घालत असतात. तोवर आपण मात्र ‘सोडून दिला’ म्हणून व्हिडिओ टाकून मोकळे!

तोंडातून आलेला तो फुगा फोडू नका, ते त्याचं जठर आहे. सुई खुपसून हवा काढायच्या भानगडीतही पडू नका; हेलकावत्या बोटीत ती नको तिथे जाते. क्रेटच्या तोंडाच्या कडेला चारही बाजूंनी शिसं बांधा, तळाला दोरी. मासा पाण्यात ठेवून क्रेट त्याच्यावर उलटा घाला आणि दोरी सोडत जा. मासा वर यायला बघतो, पण क्रेटच त्याला खाली नेतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे फुगलेली हवा तिथेच निम्मी. शक्यतो तळाजवळ न्या, मग क्रेट वर ओढा. मासा आपणहून निघून जातो. हात ओले ठेवा, फोटो एकच काढा.

अमेरिकेने मेक्सिकोच्या आखातात खडपातले मासे धरणाऱ्या बोटीवर असं साधन किंवा हवा काढायची सुई तयार ठेवणं २०२२मध्ये कायद्याने बंधनकारक केलं होतं. आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

मोठ्या हेकरूसाठी तर जास्तच घाई करा. बऱ्याच जातींचे हेकरू आधी मादी असतात आणि वय वाढल्यावर नर होतात. थोराड मासा मेला की खडपातला नरच गेला. महाकाय हेकरूला तर २००१पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आणि खाण्यापुरते मासे मिळाले की त्या खडपावरून बोट हलवा. तिथे निव्वळ मौजेसाठी पुन्हा गरी टाकू नका.