पिल्लाला आधी लपू द्या

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडून द्या, पण निरीक्षण खरं आहे. जागा धोक्याची वाटली की मांजरी एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडे हलवते. ती त्याला कुठे नेते, हे मात्र आपण लक्षात घेत नाही. माळ्यावर, पलंगाखाली, लाकडांच्या ढिगामागे. म्हणजे अंधाऱ्या, अरुंद, आडोशाच्या जागी.

आपण पिल्लू घरी आणतो तेव्हा नेमकं उलटं करतो. हॉलच्या मधोमध ठेवतो, भारतात आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावतो, आणि शनिवारी मित्रमंडळी बघायला येतात. पिल्लू सोफ्याखाली पळालं की हात घालून त्याला ओढून काढतो. हे सगळं प्रेमापोटीच होतं, पण माझं मत विचाराल तर रुळण्यात सगळ्यात मोठा अडथळा याच प्रेमाचा असतो. पहिले काही दिवस पिल्लाला लपू द्या, आणि जवळ कधी यायचं ते त्यालाच ठरवू द्या.

लपणं म्हणजे माणूसघाणेपणा नव्हे. मांजर शिकारी असलं तरी मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही आहे. घाबरल्यावर आडोसा शोधणं हाच त्याचा ताण कमी करण्याचा मार्ग. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ साली प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोकेवाल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच उतरला. बाकीच्यांना तिथवर यायला जास्त दिवस लागले. एका साध्या खोक्याने एवढा फरक पडला.

दुसरी गोष्ट वासाची. मांजराच्या गालांवर ग्रंथी असतात. वस्तूंवर गाल घासून ते आपला वास लावतं, आणि ओळखीचा वास म्हणजे त्याच्यासाठी ओळखीची जागा. नव्या घरात असा वास कुठेच नसतो. म्हणून आई-भावंडांच्या अंथरुणातला एखादा कपडा मागून आणा आणि तो लगेच धुऊ नका. खाणं आणि लिटरही सुरुवातीला आधीच्या घरचंच ठेवा.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ‘अगदी लहान असतानाच आणलं की लळा लागतो, मग लपायचा प्रश्नच येत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. माणसांची सवय होण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा, हे आयलीन कार्श यांनी अमेरिकेत केलेल्या कामातून पुढे आलं. पण या वयात पिल्लू आईजवळच असायला हवं. म्हणजे ही सवय लावायचं काम आधीच्या घराचं आहे. तेव्हा पिल्लू बघायला जाल तेव्हा रंगाआधी हे विचारा, की त्याला रोज कुणी हाताळतं का?

हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ सालच्या अभ्यासात ५,७२६ मांजरांची माहिती तपासली गेली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त आढळला. माहिती मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांतून आली होती, त्यामुळे कार्यकारण ठामपणे सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. तरीही संशोधकांचा सल्ला चौदा आठवडे थांबण्याचा होता. इंग्लंडमध्ये परवानाधारक विक्रेत्याला आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ही किमान मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे.

मग प्रत्यक्षात काय करायचं? एकच शांत खोली द्या. एका कोपऱ्यात खाणं-पाणी, त्याच्यापासून लांब लिटर ट्रे, आणि आडवा ठेवलेला खोका. खोलीत लिलीची फुलं नकोत. मांजराच्या मूत्रपिंडाला ती जीवघेणी ठरतात. वाटीभर दूधही नको, आईचं दूध सुटल्यावर अनेक मांजरांना ते पचत नाही. तुम्ही जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, हळू आवाजात बोला. पिल्लाकडे टक लावून पाहू नका. मुलांना ‘हात लावू नकोस’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘ते येईपर्यंत थांबू या’ असं सांगा.

एक सावधगिरी मात्र हवी. लपलेलं पिल्लूही रात्री बाहेर येऊन खायला आणि लिटर वापरायला हवं. दिवसभरात काहीच खाल्लं नाही, किंवा ते मलूल दिसलं, तर वाट पाहू नका, पशुवैद्याला फोन करा.

एरवी घाई नको. कुणाला दोन दिवस लागतील, कुणाला दोन आठवडे. शेपटी ताठ उभी करून पिल्लू आपणहून तुमच्याकडे चालत आलं, की त्या खोलीचं दार उघडा आणि बाकीचं घर त्याला त्याच्या गतीने बघू द्या.